बोटभर म्हातारीच्या हातातली ईज

…अन मंग कोकिळानं ते मशीन जुन्या चादरीत गुंडाळलं, वरून सुतळीच्या दोन गाठी मारल्या अन खाटेखाली सारून देल्लं. काय म्हनतं काजल? कोनतं मशीन? तार गुंडाळाचं वं बाई. हातानं फिरवतात, एक फेरा झाला का वरचा आकडा एकानं पुढे सरकते. बरं, असं मधातून लोकाईले समजन नाई. पयलेपासून सांगते, तू लिही.

नाचणगावाहून पुलगावले जाताना रोडाच्या डाव्या अंगाले टिनाचं शेड हाय. 'प्रेमदास मोटर रिवाइंडिंग' अशी पाटी. शेतातली पान्याची मोटर जळली का लोकं तिथं आनतात. पाटीवर नाव प्रेमदासचं, पन मोटर बांधे त्याची बायको, कोकिळा. मोटरीच्या आतून लोखंडाच्या खाचा असतात गोल. त्या खाचाईत तांब्याची बारीक तार भराची, फेरे मोजून, एकीवर दुसरी चढू न देता. एक जरी तार चुकली तं बटन दाबल्याबरोबर धूर.

तिले शिकवलं कोनी नाई. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी प्रेमदास समुद्रपूरले लग्नाले गेलता अन इकडे एका कास्तकाराची मोटर खोलून पडली होती. त्याच्या हरभऱ्याले पानी द्याचं होतं, मानूस दारातून उठे नाई. कोकिळा म्हने, "जेवून या भाऊ, तंवर होते." तो जेवून आला, झोप काढून आला, चहा पिऊन आला. दिवस बुडाच्या आंधी मोटर गुरगुरली. दोन दिवसानं प्रेमदास परत आला. "कोनं बांधली वं?" म्हने. कोकिळा भाकर थापत होती. "तुमीच," म्हने. "पाटी तं तुमचीच हाय."

पुढे प्रेमदासचे हात कापाले लागले. चहाची बशी वाजे त्याच्या हातात. तवापासून मोटर खोलनं, बेरिंग बसवनं अन गिऱ्हाइकासंग गोष्टी करनं हे त्याचं, अन मागच्या खोलीत तार भरनं हे तिचं. बावीस वर्सं झाली. लोकं म्हनत, "प्रेमदासभाऊ, तुमच्या हाताले तोड नाई." तो म्हने, "हात माहा नाई बापा, मागच्या खोलीतला हाय." लोकं हासत. त्याईले वाटे, गंमत करून राह्यला.

मंग तिच्या डोळ्यात मोतीबिंदू आला. दोन वर्सं तिनं तसेच काढले, सांगतच नव्हती कोनाले. दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचं आपरेशन झालं. डाव्याचं पुढच्या साली करू म्हने डॉक्टर. सारे खुश. "आता तं तुले रोडावरून सुईचं भोक दिसन," म्हनून चिडवत.

काळा चष्मा उतरवल्यावर पयलंच काम आलं बंडोपंत गुरुजीचं. गुरुजी शाळेत चित्रकला शिकवत, आता रिटायर हायेत. त्याईचा टेबलफॅन. कोकिळानं खूप ध्यान देऊन बांधला, नाक लावून एक एक तार पाहिली. बटन दाबलं, पाती दोन फेरे फिरली अन आतून धूर. गुरुजी भला मानूस. म्हने, "असू द्या कोकिळाबाई, फॅनच म्हातारा झाला होता." पन तिले समजलं ना. तिनं तोच फॅन पुन्हा खोलला, पुन्हा तार भरली. यावेळी आंधी टेस्टिंगचा बल्ब लावून पाहिला. जिथं बल्ब लागाचा नाई तिथं लागला. आत तारेवर तार चढली होती.

त्या दिवशी तिनं काम सोडलं. प्रेमदास गिऱ्हाइकाईले म्हने, "वार्निश सुकून राह्यलं भाऊ, दोन दिवसानं या." असं एक मयना वार्निशच सुकत होतं. शेवटी कोकिळाच म्हने, "अवो, खोटं काहाले बोलता? माहा हात गेला म्हनून सांगा." पुलगावच्या माणिकनं याईच्याच शेडात काम शिकून स्वतःचं दुकान टाकलं हाय. त्याले तिनं निरोप धाडला का मशीन घेऊन जा. माणिक म्हने, "पौर्णिमेले येतो काकू, त्या दिवशी दुकान बंदच असते."

मशीन गेलं का शेड बंद. प्रेमदास एकटा काय करन तिथं? अन कोकिळा सकाळी उठून त्या मागच्या खोलीत जाये, काही काम नसताना स्टुलावर बसे अन परत येये. मी समोरच राहाते, मले दिसे. पौर्णिमेले अठरा दिवस होते. हात परत आला तं त्याच्या आंधी आला पायजे होता, अन तिनं तं आस सोडून मशीनच बांधून ठेवलं होतं.

तवा आली वेदश्री. बंडोपंत गुरुजीची पोरगी, पुण्याले नोकरी करे, आता घरीच असते. खोक्यात काहीतरी घेऊन आली अन प्रेमदासले म्हने, "काका, बारीक तार आहे का? जळलेली पण चालेल."

"काहाले पायजे?"

"वीज बनवायची आहे."

प्रेमदास म्हने, "लाईटवाल्याईले दुपारी जमत नाई अन तू बनवतं?"

"तशी नाही हो काका. आभाळातली."

कोकिळा मागून ऐकत होती. ती बाहेर आली. वेदश्रीनं खोकं उघडलं, कापूस बाजूले केला. आत बोटभर म्हातारी! उभी, पाठीत वाकलेली, एक हात वर उगारलेला. लुगड्यावानी काहीतरी घातलं होतं, त्याच्यावर किनार, किनारीवर ठिपके. तोंडावर सुरकुत्या, डोळ्यात बुबुळ. चार केसाच्या कुंचल्यानं रंगवते म्हने पोरगी.

"हे काय देवी व्हय?"

"नाही काकू, खेळातली आहे. टेबलावर मोठा नकाशा मांडतात, त्यावर असे शिपाई, राक्षस, जादूगार ठेवतात, फासे टाकतात अन लढाया खेळतात."

"लेकरं?"

"मोठी माणसं. बंगलोरचा एक इंजिनियर आहे, त्याची आहे ही. तो विकत घेतो, मी रंगवून पाठवते. ही वादळाची म्हातारी. हिच्या हातातून वीज निघाली पाहिजे."

"बाप्ये मानसं सोंगट्या खेळतात," प्रेमदास म्हने, "अन आमी इथं मोटरी उचलून उचलून कंबर मोडून घेतली."

वेदश्रीनं आपली बनवलेली ईज दाखवली. तिनं जाड तार मोडून मोडून म्हातारीच्या हाताले फेविक्विकनं चिकटवली होती. कोकिळानं पाहिलं अन तिच्यानं राहावलं नाई.

"हे ईज व्हय का खराटा वं?"

वेदश्री हासली. "म्हणून तर आले ना. दर वेळी अशीच होते, अन कुरिअरमध्ये मोडते. मागची दोन मोडली. ही पण मोडली तर तो माणूस दुसऱ्याकडे जाईल."

"चिकटन कशी? तारेवर लाखेवानी थर असते. तो खरडल्याबिगर काहीच धरत नाई." कोकिळानं कोपऱ्यातून जुन्या मोटरीची तार काढली, ब्लेडनं एक टोक खरडलं, आतला लाल तांबा चमकला. "आता चिकटव."

"काकू, तुम्हीच बनवून द्या ना."

"माहा हात गेला बाई."

"मला तर दोन्ही दिसून राहिले," वेदश्री म्हने. पोरगी पुण्याची होऊन आली तरी मधूनच नाचणगावची बोलते.

कोकिळा बसली. काय जाते, म्हने, मोटर थोडीच जळनार हाय. सात तारा घेतल्या, एकीत एक पीळ देल्ला. तिनं शेतात ईज पडताना पाहिली हाय, कितीदा पाहिली. खाली येता येता फाटते ती, एक फांदी इकडे, एक तिकडे, अन फाटली का बारीक होत जाते. मंग तिनं सातातली एक तार मोकळी सोडली, साहाचा पीळ पुढे नेला. पुन्हा एक सोडली, पाचाचा नेला. तिची ती रीतच होती, तारा मोजून कमी कराची. वेदश्री डोळे फाडून पाहे.

झालं तवा कोकिळानं दाखवलं. वेदश्रीनं हातात घेतलं अन म्हने, "काकू, हे टोकांवर काय आहे?"

प्रत्येक टोकाले बारीक पिवळी नळी चढवलेली. मोटरीच्या तारेवर चढवतात, स्लीव्ह म्हनतात त्याले.

"टोक उघडं कसं ठेवाचं? कोनाले करंट लागला म्हंजे?"

प्रेमदासले इतकं हासू आलं का त्याले बाहेर जावं लागलं. वेदश्री म्हने, "काकू, ह्या विजेचं टोक उघडंच राहू द्या." कोकिळा नळ्या काढे अन तिचा हात पुन्हा नळीच्या डब्याकडे जाये. पाच वेळा गेला. अन नळ्या काढल्यावर दिसलं का ईज सरळच होती, फांद्या साऱ्या सारख्या लांबीच्या, कंगव्यावानी. डोळ्याले जिथं जरा वाकडं दिसे तिथं ती सरळ करून टाके. दोनदा खोलली, तिसऱ्यांदा बांधली, तरी कंगवाच.

तेवढ्यात लाईट गेली. दुपारचे तीन, पन मागच्या खोलीले खिडकी नाई. वेदश्री म्हने, "बाहेर बसू या." कोकिळा म्हने, "थांब, हातातलं होऊ दे." अंधारात तिची बोटं चालली होती. अंगठ्याखाली किती तारा हायेत ते तिले समजे. पाच… चार… इथं वाकव, इथं सोड. बाहेर आनून पाहिलं तं वेदश्रीनं ईज उजेडात फिरवून फिरवून पाहिली. मंग हळूच म्हने, "काकू, अंगावर येते ही." खरंच येये. मी पाहिली ना नंतर.

वेदश्रीनं तिथंच ती ईज म्हातारीच्या हातात बसवली. "याला दोन दिवस हात नका लावू, मी परवा येते. मग विजेला रंग देईन." अन गेली.

आता पाहा काय झालं. कोकिळा खुशीत. काम जमलं का मोटर बांधनारं मानूस पुढे काय करते? वार्निशात बुडवते. बांधलेली मोटर वार्निशात बुडवाची अन उन्हात लटकवाची, तवा तारा जागच्या हालत नाई. बावीस वर्सं तिनं हेच केलं. उठली, डब्याचं झाकन काढलं, म्हातारीले पायापासून धरलं अन डोक्यापावेतो बुडवली. मंग शेडाबाहेर तारेवर उन्हात लटकवून देल्ली, उलटी.

दोन दिवसानं वेदश्री आली तं म्हातारी उलटी लोंबत होती, तोंडावरून गुळाचा पाक गळून थिजल्यासारखी. किनार गेली, ठिपके गेले, बुबुळं गेली. चार दिवसाचं काम होतं पोरीचं.

कोकिळाले पोरीच्या तोंडावरून समजलं. "सांगत होती ना मी तुले. हातच नाई, डोकंबी गेलं माहं." पदर तोंडाले लावला. प्रेमदास पुढे झाला, "पोरी, वार्निश उतरवाचं माह्यापाशी औषध हाय," म्हने.

"नको काका, त्यानं प्लास्टिक विरघळेल." वेदश्रीनं म्हातारी खाली काढली. रडली नाई ती. हातात फिरवून पाहे. मंग तिनं ईज बोटानं ढकलली. हालली नाई. जरा जोरानं ढकलली. मंग म्हातारीच हातातून सुटली अन फरशीवर पडली, टप्प! उचलून पाहिलं तं ईज जशीच्या तशी.

"काकू," म्हने, "ही मोडतच नाही."

"कशी मोडन? वार्निश हाय."

"मग पुढच्या वेळी आपण आधी वीज बनवू, फक्त विजेला वार्निश, सुकली की मग हातात बसवू, अन मग सगळ्यात शेवटी रंग. ही मी परत रंगवते. चार दिवस लागतील, त्यात काय."

कोकिळाले 'पुढच्या वेळी' ऐकून बरं वाटलं, पन मशीन खाटेखालून निंघालं नाई.

वेदश्री रोज येये. शेडाच्या पुढच्या अंगाले उजेड चांगला म्हने. वार्निशाच्या थरावर तिनं पांढरा रंग देल्ला अन नव्यानं लुगडं रंगवलं. शेवटच्या दिवशी ईज रंगवली. पांढरी शुभ्र केली अन कोकिळाले विचारलं, "बरी आहे?"

कोकिळा म्हने, "लयच निळी केली वं."

"निळी? निळा तर अजून लावलाच नाही."

कोकिळानं पुन्हा पाहिलं. मंग डावा डोळा हातानं झाकला. निळसर. उजवा झाकला. पिवळी, जुन्या कागदावानी. पुन्हा झाकला, पुन्हा उघडला. रंग तं बदलेच, ईजबी जागा बदले. एका डोळ्यानं म्हातारीच्या कानापाशी, दुसऱ्यानं जराशी बाजूले.

"अवो," तिनं प्रेमदासले हाक मारली, "माहे दोन डोळे दोन गोष्टी सांगून राह्यले."

प्रेमदास म्हने, "मंग ऐकतं काहाले त्याईचं?"

तो बोलून गेला सहज. पन कोकिळा मागचं आठवाले लागली. दोन वर्सं डोळ्यावर पडदा होता तवा तिनं एक तरी मोटर जाळली होती का? नाई. तवा ती पाहेच नाई, बोटानंच भरे. आपरेशन झालं, साऱ्यानं सांगितलं आता नीट दिसन, म्हनून ती पाहाले लागली. अन पाहाले लागली तवापासून तार चढाले लागली. ईजबी लाईट गेल्यावरच जमली होती ना!

उठली, शेडाले लागूनच घर हाय, त्यात गेली. मी तवा शेडातच होती, मले वाटलं रडाले गेली. थोड्या वेळानं खाटेखालून ओढल्याचा आवाज आला. सुतळीची गाठ सुटे ना, तं दातानं तोडली. गुरुजीचा फॅन अजून शेडातच पडला होता. तिनं मशीनवर तार चढवली, डोळे मिटले अन फिरवाले लागली. आकडा प्रेमदासले वाचाले लावला. तो वाचे, जसा शाळेतला पोरगा पाढे म्हनते. खाचा भरतानाबी तिनं डोळे उघडले नाई. वेदश्री कुंचला धरून तशीच बसली होती, कुंचल्यावरचा रंग सुकून गेला.

टेस्टिंगचा बल्ब लावला. जिथं लागाचा तिथं लागला, जिथं नाई तिथं नाई. वार्निश देल्लं, दोन दिवस उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः आले. कोकिळा बटन दाबे ना. प्रेमदासले म्हने, "तुमी दाबा." तो म्हने, "माहा हात कापते." शेवटी गुरुजीनंच दाबलं. पाती फिरली. दोन फेरे, चार फेरे, मंग पातीच दिसे ना. गुरुजीच्या डोक्यावरचे चार केस उडाले अन टेबलावरचे सारे कागद खाली. वासबी नाई, धूरबी नाई. कोकिळा पंधरा मिनिटं फॅनपुढून हालली नाई, हात लावून लावून पाहे तापला का.

वादळाची म्हातारी बंगलोरले पोचली. ईज मोडली नाई. त्या मानसानं अजून तीन सांगितल्या हायेत, त्याच्यात एक राक्षस हाय म्हने, त्याच्या शिंगाईतून ईज निंघते. कोकिळा म्हनते, राक्षसाची ईज मी नऊ तारेची करन. पन सकाळची पयली पाळी मोटरीची, दुपारी राक्षस.

आता राह्यला माणिक. त्याचा फोन लागत नाई, नंबर बदलला का काय त्यानं. इकडे पौर्णिमा आली. तो बिचारा मशीन न्यावाले टेम्पो करून येईन अन फुकटचं भाडं भरन. तं बापा हो, तुमच्यातलं कोनी पुलगावले जानार असन तं त्याले जरूर सांगजा, मशीन मिळत नाई म्हना, तुही काकू तार भरून राह्यली. पौर्णिमेले जेवाले मात्र येजो म्हना, अन येताना अठ्ठावीस नंबरच्या तारेचं एक बंडल घेऊन येजो.